आडवं पडून पाहिलेलं छत

प्रिय खारूताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील, म्हणून आधीच सांगतो, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. तुझी आई तुला रोज फोनवर घरची बित्तंबातमी देते हे मला ठाऊक आहे. ती गच्चीत जाऊन बोलते आणि मी खाली पेपर वाचल्याचं सोंग करतो. पण काही गोष्टी तिने सांगून चालण्यासारख्या नाहीत, त्या माझ्या मीच सांगायला हव्यात. आणि फोनवर मला ते जमणार नाही. फोन हातात आला की माझा आवाज आपोआप साइटवरचा होतो, पलीकडचा माणूस घोडीच्या टोकावर उभा राहून छत रंगवतोय असं समजूनच मी ओरडतो. म्हणून कागद घेतला. तीन वर्षांत तुला खारूताई म्हणून हाक मारलेली नाही. पाच वर्षांची असताना माझी नजर चुकवून तू घोडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसली होतीस, तेव्हापासूनचं हे नाव. आज दुसरं काही लिहवेना.

डोळ्यांच्या ऑपरेशनचं तुला कळलंच आहे. दीड महिन्यापूर्वी उजवा झाला, त्यानंतर तीन आठवड्यांनी डावा. तू येते म्हणालीस, तर मी आईकरवी नको म्हणून कळवलं. 'तिच्या कामाचा खोळंबा नको' असं कारण दिलं, पण ते खोटं होतं. पट्टी बांधून बसलेला बाप तुला दिसू नये, एवढाच त्यामागचा ताठा होता. तर पट्टी काढली त्या सकाळची गंमत ऐक. तुझी आई समोरच्या खुर्चीवर बसलेली. मी म्हटलं, "हा स्वेटर कधी घेतलास? रंग सुरेख आहे." ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अहो, सहा हिवाळे हाच घालतेय. राखी, राखी म्हणून नाक मुरडत होतात ना, तोच हा." राखी कसला गं! वांग्याच्या फुलाचा असतो ना, तसा फिकट जांभळा रंग. सहा वर्षं ती बाई माझ्यासमोर फिकट जांभळा स्वेटर घालून वावरत होती आणि मी रंगारी म्हणवून घेत होतो.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं. मोतीबिंदू पिकत जातो तसतशी डोळ्यापुढे जणू एक पिवळट काच येते, आणि ती इतकी हळूहळू येते की माणसाला पत्ताच लागत नाही. आधी निळा बिघडतो. मग जे जे फिकट असेल ते सगळं एकसारखं मळकट पांढरं दिसायला लागतं. लाल, गडद हिरवा, विटकरी तेवढे बरे दिसतात. त्यांनी विचारलं, "आजोबा, तुम्ही काम काय करायचात?" म्हटलं, "रंगारी. एक्केचाळीस वर्षं." त्यांनी हातातला दिवा बाजूला ठेवला. "मग शेवटची सात-आठ वर्षं काम कसं केलंत?" मी छाती फुगवून म्हणालो, "हाताला सवय असते, बाई." त्या हसल्या, पण तुझी आई हसली नाही. ती खिडकीबाहेर बघायला लागली. तिला तेव्हा काय काय माहीत होतं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

घरी आलो तो चपला न काढता थेट तुझ्या खोलीत गेलो. तू गेल्यापासून ती बंदच असते, आई आठवड्यातून एकदा झाडून घेते तेवढंच. ती तू रंगवलीस त्याला आता आठ वर्षं झाली. मी तेव्हा बाहेरगावी कामावर होतो. परत आल्यावर दारातूनच बघून म्हणालो होतो, "हा काय आजाऱ्याचा रंग? भिंतीला कावीळ झालीय का?" तू म्हणाली होतीस, "बाबा, पिवळा नाहीये, हिरवा आहे." मी हसण्यावारी नेलं. आपलं बोलणं तिथेच बिनसायला सुरुवात झाली, नाही का? त्या दिवशी मी त्या खोलीत पाऊण तास उभा होतो. कोवळ्या काकडीच्या गरासारखा, असून नसल्यासारखा हिरवा. आणि मग हळूहळू माझ्या लक्षात आलं, चारही भिंती एका रंगाच्या नाहीतच. ज्या भिंतीत खिडकी आहे तिच्यावर उजेड पडत नाही, ती नेहमी काळवंडलेली दिसते, म्हणून तिथे तू थेंबभर पांढरा जास्त घातलास. समोरच्या भिंतीवर ऊन थेट येतं, ती उडून जाऊ नये म्हणून तिथे हिरवा अर्धी चिमूट वाढवलास. त्यामुळे खोली सगळीकडून सारखी वाटते. मी एक्केचाळीस वर्षांत हजारभर खोल्या रंगवल्या असतील, पण एका खोलीला एकच डबा, हा माझा हिशोब. एका खोलीला चार डबे लावायचे आणि बघणाऱ्याला एकच वाटावा, हे मला कधी सुचलं नाही. कुणी शिकवलंही नाही. तुला कुणी शिकवलं? मी तर नाही.

माझं म्हणणं तुला पाठ आहे. रंग असा मारायचा की रस्त्यावरून जाणाऱ्याने मान वळवली पाहिजे. निळा म्हणजे शाईसारखा निळा, हिरवा म्हणजे पोपटासारखा, आणि वरून चकचकीत तेलाचा हात. आमच्या वेळी फिकट रंग लावायचा तो पैसे वाचवायला, डब्यात पाणी ओतून. त्यामुळे तू शेड कार्डवरच्या त्या वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनांवर बोट ठेवायला लागलीस तेव्हा मला वाटलं, पोरगी कामचोर निघाली. तू एकोणिसाव्या वर्षी शिक्षण सोडून माझ्या हाताखाली आलीस, तेव्हा सगळे म्हणाले, मुलीला कुठे घोडीवर चढवतोस. मी म्हणालो, ती लहानपणापासून चढलेलीच आहे. त्या दिवशी मला तुझा केवढा अभिमान होता! आणि मग गिऱ्हाइकं तुझ्याशी बोलायला लागली. म्हणायची, "तुमच्या ताईंना विचारतो, त्यांचे रंग खोली मोठी करतात." मी समोर उभा असताना! हेवा होता तो. मुलीचा हेवा. हे लिहायला मला एक अख्खी सकाळ लागली, बघ.

आता टीचरबाईंच्या घराचं. तुझ्या-माझ्यात तो विषय कधी निघालाच नाही. टीचरबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि त्यांची धाकटी बहीण कमरेपासून अधू, कायमची अंथरुणाला खिळलेली. त्या बहिणीच्या खोलीचं काम तू अंगावर घेतलंस. मला म्हणालीस, "बाबा, बाकीच्यांची खोली म्हणजे भिंती असतात. यांची खोली म्हणजे छत आहे." मी दुसऱ्या साइटवर होतो. चौथ्या दिवशी आलो, माझ्या हाताखालचा लंबू बरोबर होता. वर बघितलं, तर छताला कुठे मळकट पांढरं, कुठे राखाडी पांढरं. माझं डोकंच फिरलं. टीचरबाईंच्या समोर, त्यांच्या बहिणीच्या समोर मी म्हणालो, "माझ्या पोरीने नुसता प्रायमर फासून तुम्हाला रंग म्हणून खपवलाय. आमच्या घराण्यात असली लबाडी चालत नाही." आणि मी स्वतः बादली घेतली, निळा स्टेनर घातला, मनासारखा हलका आकाशी दिसेपर्यंत घालतच राहिलो, आणि दोन तासांत ते अख्खं छत रंगवून टाकलं. तू भिंतीला टेकून उभी होतीस. मला वाटलं होतं भांडशील. पण तू खाली सांडलेले थेंब तेवढे पुसत होतीस. मी मनात म्हणालो, चोरी पकडली गेली म्हणून गप्प आहे. दुसऱ्या दिवशी तू ब्रश आणि कपडे घेऊन मैत्रिणीकडे गेलीस आणि तिथून आता राहतेस त्या शहरात.

तू गेल्यानंतर माझी कामं बिघडायला लागली. बदाम सांगितला की मोहरी व्हायचा, मोतिया सांगितला की हळद. लोक म्हणायचे, "अहो, आम्ही कार्डवर दाखवला तो हा नव्हे." मी म्हणायचो, रंगाच्या कंपन्या हल्ली भेसळ करतात. दुकानदाराशी भांडलो, स्टेनरच्या बाटल्या बदलल्या, लंबूवर चिडलो. लंबू पंचवीस वर्षांचा सोबती, तोसुद्धा दुसरीकडे गेला. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने काम अर्ध्यावर थांबवून मला हात जोडले. त्या दिवशी मी घोडी घडी करून जिन्याखाली ठेवली ती ठेवलीच. डोळे दाखवायला आईने नेलं ते मी चहाच्या कपाशेजारी चहा ओतला म्हणून. रंग चुकतात म्हणून डोळे दाखवावेत, हे माझ्या मनातही आलं नाही.

तर, तुझी खोली बघून झाल्यावर मला राहवेना. तीन दिवसांनी मी टीचरबाईंच्या घरी गेलो. माझा तो आकाशी कसा दिसतो ते बघायचं होतं. खरं सांगू? मनात भीती होती. त्यांनी दार उघडलं, ओळखलं, पाणी दिलं. म्हटलं, "छत बघायचं होतं." त्या म्हणाल्या, "बहीण जागीच आहे, या." आत गेलो. त्या बाई उशीला टेकून होत्या, केस पार पिकलेले, डोळे मात्र लखलखीत. मी वर बघितलं, तर आकाशी कुठेच नाही. मी मान वर करून उभा, तर त्या म्हणाल्या, "असं उभं राहून नाही दिसायचं. आडवे व्हा." मला वाटलं थट्टा करताहेत. त्या म्हणाल्या, "लाजू नका, डॉक्टरसुद्धा पडून बघून गेलेत." मग काय, मी त्यांच्या पलंगाशेजारी जमिनीवर सतरंजी घेऊन उताणा झालो. सत्तरीला आलेला माणूस, परक्याच्या घरी, जमिनीवर आडवा.

खारूताई, मी तुला काय सांगू. खिडकीपाशी छत पीचच्या गराइतकं कोवळं, गुलाबी म्हणावं तर गुलाबी नाही, केशरी म्हणावं तर केशरी नाही. तिथून नजर सरकायला लागली की ते विरत विरत साईचं होतं, मग नुसता उजेड उरतो, आणि मग कधी निळसर व्हायला लागतं ते कळतच नाही. दाराच्या बाजूला गेलं की पहाट सरून नुकतं उजाडताना असतो तसा निळा. मी जोड शोधत होतो. धंदाच तो माझा, दुसऱ्याच्या कामातला जोड शोधणं. एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे कितीही केलं तरी रेघ राहते. चौदा फूट लांब छत मी वीतवीत बघितलं. रेघ नव्हती. बहीण म्हणाल्या, "सकाळी मी खिडकीकडे असते, संध्याकाळपर्यंत दाराकडे पोचते. मधे दुपारी जरा विसावते." आणि हसल्या. मला हसू येईना. मी म्हणालो, "पण मी तर वरून निळा मारला होता." टीचरबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हो. फार गडद होता हो. ही दोन दिवस डोळे मिटूनच पडून होती. पण तुम्हाला कसं सांगणार? आठ दिवसांनी ताई एकटीच आली. सात छोट्या बादल्या ओळीने मांडल्या. घोडी मी धरून होते. दुपारी दोनला सुरू केलं ते अंधार पडायच्या आत संपवलं, मधे पाणीसुद्धा प्यायली नाही. म्हणाली, थांबलं तर वाळेल. आणि जाताना मला बजावून गेली, बाबांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल."

तू ते छत दोनदा रंगवलंस. एकदा माझ्या आधी आणि एकदा माझ्यानंतर. आणि माझा तो गडद निळा झाकायला आधी पांढऱ्याचे दोन हात मारले असशील, ते टीचरबाईंच्या हिशोबात नाहीत, पण मला कळतं. हात वर करून चार तास, सात रंग, ओल्यात ओला मिसळत. मी भरात असतानाही मला हे जमलं नसतं. मी हे बाप म्हणून म्हणत नाही, बापाचं कौतुक स्वस्त असतं. हे एक रंगारी दुसऱ्या रंगाऱ्याबद्दल म्हणतोय.

तिथून मी लंबूकडे गेलो. तो अजून तसाच आहे, दारातून वाकूनच बाहेर येतो. मी त्याला छताचं सांगितलं आणि म्हणालो, "माझे डोळे तेव्हाच गेले होते रे." तो म्हणाला, "माहीत आहे." मी म्हटलं, "म्हणजे?" त्याने मला ओट्यावर बसवलं. मग म्हणाला, "दादा, शेवटची दोन वर्षं तुमच्या बादलीतला रंग तुमचा नव्हताच. ताईंचा होता." दुपारी जेवण झालं की मी तोंडावर पेपर घेऊन अर्धा तास पडायचो, आठवतं ना? तेवढ्या वेळात तू माझी बादली उचलून बाहेर उन्हात न्यायचीस. कार्ड लावून बघायचीस. मी निळा जास्त घातलेला असायचा, मग तू पांढरा ओतत ओतत तो जागेवर आणायचीस. बादली भरून वाहायला लागली की जास्तीचा दुसऱ्या डब्यात काढून ठेवायचीस, म्हणजे मला संशय येऊ नये. आणि मी मूर्ख, उठल्यावर पहिला हात मारला की म्हणायचो, "जेवणानंतर माझा हात कसा बसतो बघ!" लंबूने तुला विचारलं होतं म्हणे, की दादांना सांगत का नाही. तू म्हणालीस, "रंगाऱ्याला दिसत नाही म्हटल्यावर त्याच्याकडे उरतं काय?" वकीलसाहेबांच्या दिवाणखान्याचं मला आठवलं. त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, "दादा, असा हलका हात आता कुणाचा राहिला नाही." मी दोन दिवस हवेत होतो. तू माझ्या मागे ओलं फडकं घेऊन उभी होतीस आणि हसत होतीस. मला वाटलं बापाच्या कौतुकाने हसतेय. तेही खरं असेल. तुझं कौतुक मी खिशात घातलं, आणि तू ते घालू दिलंस.

तू सांगायचा प्रयत्न केलाच नाहीस असं नाही. एकदा माझ्या सदऱ्याच्या खिशात डोळ्यांच्या दवाखान्याची चिठ्ठी ठेवली होतीस, वार आणि वेळ लिहून. मी तिला ब्रश पुसला. आणि टीचरबाईंच्या घरी, त्या दिवशी, तुला एक वाक्य पुरलं असतं. 'बाबांना दिसत नाही', एवढंच. तू निर्दोष सुटली असतीस. पण गिऱ्हाइकासमोर ते बोलली असतीस तर माझा धंदा त्याच क्षणी संपला असता. म्हणून लबाड ठरून गेलीस. मी हे रोज चहा पिताना आठवतो आणि चहा गार होतो.

आता माझी एक चोरी सांगतो. गेल्या बुधवारी मी आईला 'जरा फिरून येतो' म्हणालो आणि तुझ्या शहराची बस धरली. दोन तासांचा प्रवास. तू रंगवलेला तो दातांचा दवाखाना बघायचा होता, लहान मुलांचा, ज्याचं आई गच्चीत एवढं कौतुक करत होती. आत जाऊन बाकावर बसलो. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, नातवाचं नाव?" म्हटलं, "नातू नाही." "मग तुमचा दात? कुठला?" म्हटलं, "दात नाही, भिंती बघायला आलोय." तिने आत जाऊन कुणाला तरी काहीतरी सांगितलं. मी बसून राहिलो. खाली मुलांच्या खांद्याएवढ्या उंचीपर्यंत पिस्ता, जरा घट्ट आणि पुसता येण्यासारखा, कारण मळके हात तिथवरच पोचतात. वर लोण्याचा रंग. आणि एकदम समोरच्या भिंतीतूनच एक पोरगा गाल धरून बाहेर आला! मी दचकलोच. आत जायचं दार तू भिंतीच्याच रंगात बुडवलंस. खालचा पिस्ताही दारावरून सरळ पलीकडे गेलेला. मुलांना दारच दिसत नाही, मग दाराकडे बघून रडणार कशी? मी मोठ्याने हसलो. ती मुलगी म्हणाली, "आजोबा, बरं वाटतंय ना?" म्हटलं, "फार बरं वाटतंय."

पण एक खोट दिसली, ती सांगायलाच हवी, नाहीतर तुला वाटेल डोळ्यांबरोबर माझी जीभही बदलून दिली. खिडकीच्या बाजूची भिंत लाटा मारते. उजेड आडवा पडला की दिसतं. खड्डे भरायची लांबी एका हातात उरकलीय आणि पॉलिश पेपर नीट फिरलेला नाही. फिकट रंग गरीब असतो, त्याच्यामागे काही लपत नाही. तुझ्या हाताखालच्या मुली रंग सुंदर लावतात, पण त्यांना भिंत घासायचा कंटाळा आहे.

त्या दवाखान्यातून मी विचारत विचारत तुझ्या रंगकामाच्या दुकानापर्यंत आलो. दुपार होती, तू कामावर गेली होतीस, कुलूप होतं. बरंच झालं, तू समोर असतीस तर मी पत्ता चुकलो म्हणून परत फिरलो असतो. काचेला नाक लावून आत बघत होतो, तर काचेवर आतून चिकटवलेला कागद दिसला. तुझं अक्षर. 'लांबी आणि घासकामासाठी अनुभवी माणूस हवा. अर्ज लेखीच द्यावा. तोंडी विचारू नये.' मी तो तीनदा वाचला. तर खारूताई, हा माझा अर्ज आहे. अनुभव एक्केचाळीस वर्षं. लांबीचे तीन हात आणि प्रत्येक हातानंतर घासकाम, त्यात आजवर कुणाला खोट काढता आलेली नाही, तुलाही नाही. गुडघे दुखतात, घोडीच्या तिसऱ्या पायरीच्या वर चढणार नाही. रंगाच्या बादलीला हात लावणार नाही, तू सांगेपर्यंत नाही, आणि नाही सांगितलंस तरी चालेल. कामावर तुला तुझ्या मुली जे म्हणत असतील तेच म्हणेन. आईला विचारलंय, ती म्हणाली, "आधी त्या पोरीची माफी मागा, मग नोकरी मागा." म्हणून मागतो. माझं चुकलं. टीचरबाईंच्या घरी चुकलं, आणि त्याच्या आधीही पुष्कळदा. उत्तर मुलगी म्हणून देऊ नकोस, मालकीण म्हणून दे. जागा भरली असेल किंवा मी नको असेन तर तसं सरळ लिही, मी समजून घेईन. आणि अर्जात म्हणे आधीचं काम का सोडलं हेही लिहावं लागतं. ते असं, की माझ्याकडे एक रंगारी होती, माझ्याहून कितीतरी वरची, आणि तिला मी माझ्या हाताने घालवलं. त्यानंतर कामात राम उरला नाही.

तुझाच,
बाबा